हे कोन्या बोर्डात बसते?

गावंडेकाकांच्या शर्टाच्या खिशात नेहमी कशाचा तरी तुकडा असायचा. फवारणी पंपाचं नोझल, नळाचा झिजलेला वायसर, मोटारसायकलच्या क्लचची तुटलेली वायर, कधी घरच्या मिक्सरचं रबर. बाजारात जाऊन वस्तूचं नाव सांगणं त्यांना मान्य नव्हतं. "नाव सांगतलं का दुकानदार त्याच्या जवळचं देते," ते म्हणायचे, "वस्तू दाखवली का आपल्या कामाचं देते." त्यामुळे खिसा कायम फुगलेला आणि त्यावर तेलाचा एक डाग. काकू तो डाग धुऊन धुऊन थकल्या होत्या.

चांदूर बाजारच्या तालुका कृषी कार्यालयात मी कृषी सहायक म्हणून रुजू झाले, तेव्हा ते आमचे पर्यवेक्षक होते. उत्तमराव गावंडे. पहिल्याच दिवशी त्यांनी खिशातून पितळेचं एक नोझल काढून माझ्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, हे कोणत्या पंपाचं आहे. मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून नुकतीच शिकून आलेली. मला वाटलं, साहेब परीक्षा घेताहेत. मी ते उलटंसुलटं करून पाहिलं, अंदाजानं एक उत्तर दिलं, ते चुकलं असणार म्हणून दुसरं दिलं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी मी माहीत नाही म्हणाले, तेव्हा त्यांचा चेहरा जरा पडला.

"मलेबी मालूम नाई," ते म्हणाले. "कालपासून इचारून रायलो. मले वाटलं, तुमाले असन मालूम."

ते परीक्षा घेत नव्हतेच. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. पुढे कळलं, की हा माणूस सगळ्यांना सगळं विचारतो आणि मिळालेलं उत्तर पटलं नाही तर तितक्याच शांतपणे दुसऱ्याला विचारतो. एक प्रश्न मात्र ते कुणालाच विचारत नसत. काहून, म्हणजे का.

ती वर्षं कापसाच्या पट्ट्यात फार वाईट होती. आठवड्याला एखाद्या शेतकऱ्यानं जीव दिल्याची बातमी यायचीच. मग बाहेरून पथकं यायची, वर्तमानपत्रवाले यायचे, आणि गाव दाखवायला गावंडेकाकांना गाडीत बसवलं जायचं. कधी मीही असायची. एका घरी आम्ही गेलो, तेव्हा ओसरीवर पाहुण्यांची रांग बसली होती आणि जो तो गेलेल्या माणसाच्या भावाला एकच विचारत होता, असं का केलं असेल. भाऊ प्रत्येकाला वेगळं कारण सांगत होता. मला तेव्हा ते खोटं वाटलं. आता वाटतं, त्यालाही कळत नव्हतं, म्हणून तो येईल ते सांगत होता. गावंडेकाका त्या घोळक्यात बसलेच नाहीत. मागच्या दारी गेले आणि गेलेल्या माणसाच्या बायकोला विचारलं, विहिरीवरची मोटार चालू आहे का. बाई म्हणाल्या, बंद आहे. दुसऱ्या दिवशी ते मिस्त्री घेऊन गेले. जाताना त्या मोटारीचा एक तुकडा त्यांच्या खिशात होता, हे सांगायला नकोच.

पहिल्या दिवशी गाडीतून परतताना मी त्यांना म्हणाले, काका, तुम्ही काहीच विचारलं नाही. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "काहून हे परक्या मानसाले इचारू नये. अन् आपल्या मानसाले इचारता येत नाई." मला वाक्य नीट कळलं नाही. मग विचारायचं कुणाला, असं मी म्हणाले, तर ते म्हणाले, "तेच तं."

त्यानंतरच्या हिवाळ्याच्या सुरुवातीला त्यांच्या खिशातून निघालं, ते मी आयुष्यात हातात धरलेलं नव्हतं. पारदर्शक प्लास्टिकची चपटी डबी आणि तिच्यात बिस्किटाएवढा चौकोनी तुकडा. वरून चांदीसारखा, खालून बारीक सोनेरी ठिपक्यांनी भरलेला. त्यांनी तो अगदी जपून माझ्यापुढे ठेवला.

"मॅडम, झेरॉक्सवाला म्हनते हा प्रोसेसर हाय. कॉम्प्युटरचा मेंदू. पन याले बसवाले बोर्ड लागते म्हने. तं हे कोन्या बोर्डात बसते?"

नोकरीसाठी लागतो म्हणून मी कॉम्प्युटरचा एक कोर्स केला होता. त्यात आम्हाला पत्र टाइप करायला आणि ते ठळक करायला शिकवलं होतं. मेंदू कुणी दाखवला नव्हता. मी तसं सांगितलं. कुणी दिलं, असं विचारलं तर म्हणाले, पोस्टानं आलं. कुणी पाठवलं, तर म्हणाले, पुण्याहून आलं. आणि डबी खिशात परत गेली.

पुण्याला त्यांची मुलगी होती, एवढं ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. वैशाली. अमरावतीला कॉम्प्युटर शिकली, तिथंच भेटलेल्या दुसऱ्या समाजाच्या मुलाशी लग्न करून पुण्याला गेली. गावंडेकाकांनी आरडाओरडा केला नाही, लग्नाला गेले नाहीत आणि नंतर तिचं नाव घेतलं नाही. काही वर्षं अशीच गेली होती. आणि आता एके दिवशी पोस्टमन ही डबी देऊन गेला. आत चिठ्ठी नाही, चिटोरा नाही.

रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं, त्यांचा कॉम्प्युटर बघायला. पुढच्या खोलीत कोपऱ्यात तो ठेवला होता आणि त्यावर क्रोशाचं झाकण. वैशालीसाठी घेतलेला. ती गेल्यावर कुणी लावला नव्हता, आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईत काकूंनी बटण दाबून पाहिलं, तर लागलाच नाही. गावंडेकाका स्क्रू खोलायचा पेचकस शोधायला बाहेर गेले, तसं काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढलं.

"पोरी, त्यायले सांगू नोको," त्या कुजबुजल्या. "मीच सांगतलं होतं वैशूले, का तुहा कॉम्प्युटर बंद पडला. तं तिनं हे पाठवलं."

म्हणजे काकू मुलीशी बोलत होत्या. दर रविवारी, गावंडेकाका अंगणात आंघोळीला गेले की. हे काकांना सांगता येत नव्हतं, आणि ते सांगितल्याशिवाय डबी का आली हेही सांगता येत नव्हतं. मी विचारलं, मग तिनं हाच तुकडा का पाठवला, बिघडलंय काय ते तिला कसं कळलं. काकू म्हणाल्या, "मले काय मालूम. मी म्हनलं, जुना झाला. तं वैशू म्हने, मंग हे टाका, जोरात चालन."

बाहेर आले तर गावंडेकाका झाकण काढून उघड्या डब्याकडे बघत बसले होते. आतल्या हिरव्या पाटीवर मधोमध एक पांढरी चौकट होती, तिच्यात जुना प्रोसेसर. त्यांनी तो खटका दाबून वर काढला. त्याला खाली बारीक बारीक पिनांचं रान होतं. आणि नव्याला एकही पिन नव्हती, नुसते ठिपके. ते दोन्ही तळहातांवर दोन घेऊन बसले. एकाला पाय आहेत, एकाला नाहीत, आणि दोघांचं नाव एकच. "पाठवनाऱ्यानं काई तरी पाहूनच पाठवलं असन," ते म्हणाले. मला पाठवणारीचा गोंधळ माहीत होता, पण काकूंनी बजावलं होतं.

मग सुरू झाल्या अमरावतीच्या वाऱ्या. राजकमल चौकाच्या मागच्या बोळात इरफानभाईंचं दुकान होतं. मूळचे बाळापूरचे. तिथं त्यांच्या घराण्याचा कापडाचा धंदा, आणि हे एकटे अमरावतीला येऊन कॉम्प्युटर जोडून द्यायचे. बोलताना हिंदीतून वऱ्हाडीत आणि वऱ्हाडीतून हिंदीत असे जायचे, की सांधा कळायचा नाही. गावंडेकाकांनी शिरस्त्याप्रमाणे एक शब्द न बोलता डबी काउंटरवर ठेवली आणि शेजारी घरून आणलेला जुना कॉम्प्युटर. इरफानभाईंनी ती उजेडात धरून वरचे बारीक आकडे वाचले आणि विचारलं, "काका, ये आपको किसने दिया? चीज तं एक नंबर हाय."

मग त्यांनी जुना कॉम्प्युटर तपासला आणि समजावून सांगितलं. जुन्या प्रोसेसरच्या पिना त्याच्या स्वतःच्या अंगाला असतात आणि बोर्डात भोकं. नव्यात उलटं केलंय, पिना बोर्डात आणि प्रोसेसर सपाट. जुन्याची बैठक चारशे अठ्ठ्याहत्तर पिनांची, याची सातशे पंचाहत्तरची. म्हणजे घरचा बोर्ड चांगला असता तरी हा त्यात बसलाच नसता, आणि तो बोर्ड तर मेलेलाच आहे. नवा बोर्ड लागेल. नव्या बोर्डात जुनी रॅम बसत नाही, तिची खाच वेगळ्या जागी. जुना पॉवर सप्लायही पुरणार नाही, त्याचं तोंड लहान.

गावंडेकाका सगळं मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे या एकासाठी सारं घर बदलावं लागते?"

इरफानभाई म्हणाले, त्यापेक्षा हा विकून टाका आणि तयार कॉम्प्युटर घ्या. त्यावर काकांनी डबी उचलून खिशात घातली. "मले कॉम्प्युटर नाई पायजे," ते म्हणाले. "मले हे बसवाचं हाय." इरफानभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बाहेरच्या ऑटोकडे पाहिलं. आम्हा तिघांपैकी नेमकं काय चाललंय हे त्या क्षणी कुणालाच सांगता आलं नसतं.

मी संक्रांतीला अकोल्याला घरी गेले, तेव्हा काका मागोमाग आले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की अकोल्यात एका दुकानात वापरलेले बोर्ड मिळतात. त्या दुकानात खरोखरच भिंतीला टेकून बोर्डांची चळत होती. काकांचे डोळे लकाकले. सातशे पंचाहत्तरची बैठक असलेला एक बोर्ड निघाला. दुकानदारानं आमच्यासमोर त्यात प्रोसेसर ठेवला, चौकट मिटली, खटका दाबला. अगदी अलगद बसला. काकांनी दोनदा खात्री करून घेतली, आणि आम्ही एखादा गड सर केल्यासारखे तो बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन निघालो. बाकीचं सामान इरफानभाईंकडून घ्यायचं ठरलं.

इरफानभाईंनी सगळं जोडलं. बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, आणि पडदा काळाच राहिला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. रॅम काढून पुसून लावली. काळाच. मग त्यांनी बोर्डावरचं बारीक अक्षर वाचलं आणि कपाळाला हात लावला. बैठक तीच आहे, ते म्हणाले, पण बोर्ड आधीच्या काळातला आहे. हा प्रोसेसर नंतर आला. बोर्ड याला ओळखतच नाही.

"बसलं नं पन," काका म्हणाले.

"बसलं तं हाय, काका. पहचानता नहीं."

यावर उपाय आहे का, असं मी विचारलं. इरफानभाई म्हणाले, एखादे वेळेस असतो. बोर्डाच्या आत एक लहानसा प्रोग्राम असतो, तो नवा भरला तर काही बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखायला लागतात. पण तो प्रोग्राम भरण्यासाठी बोर्ड चालू व्हावा लागतो, आणि चालू होण्यासाठी त्यात आधी त्याच्या ओळखीचा एखादा जुना प्रोसेसर बसवावा लागतो. मी हे त्यांच्याकडून तीनदा सांगून घेतलं. नव्याची ओळख करून द्यायला आधी जुना हवा, आणि तो जुना म्हणजे आपल्या घरचा जुना नव्हे, तो तर याच्यात बसतच नाही. मधल्या काळातला हवा. माझं डोकं गरगरायला लागलं. गावंडेकाकांनी मात्र खुर्ची बोर्डाच्या आणखी जवळ ओढली. इरफानभाईंनी शेजारच्या दुकानातून मधल्या काळातला प्रोसेसर मागवला, प्रोग्राम भरला, पुन्हा आपला बसवला. पंखा फिरला. पडदा काळाच.

"काका, ज्यानं हे पाठवलं, त्यालाच विचारा," इरफानभाई थकून म्हणाले. "कोणता बोर्ड मनात धरून पाठवलं, ते तं त्याला मालूम असेल." आणि त्यांनी आपला मोबाइल पुढे केला.

मला वाटलं, आता काका उठून निघतील. त्यांनी काळ्या पडद्यावरून नजर काढली. मग मोबाइल घेतला आणि एकेक बटण दाबत अख्खा नंबर लावला. खिशातून काही काढलं नाही, कुणाला काही विचारलं नाही. नंबर त्यांना पाठ होता.

"हॅलो," ते म्हणाले. "मी बोलून रायलो."

पलीकडून काय आलं, ते आम्हाला ऐकू येत नव्हतं. बराच वेळ काहीच येत नसावं. काकांनी मोबाइल कानापासून दूर करून पाहिला आणि पुन्हा लावला.

"ते आलं तुहं. हां. चांगलं हाय. पन बसून नाई रायलं. म्हंजे बसते, चालू नाई होऊन रायलं." मग पुन्हा शांतता. "नाई नाई, तब्येत चांगली हाय. सारे चांगले हायत. मी बोर्डाचं इचारून रायलो. कोन्या बोर्डात बसते हे?"

मग ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "बरं. इचारून सांगजो," आणि मोबाइल इरफानभाईंना दिला. "तिलेबी मालूम नाई," त्यांनी आम्हाला सांगितलं. त्यांच्या आवाजात निराशा होती की दुसरं काही, हे मी आजही सांगू शकत नाही.

परतीच्या एसटीत मी न राहवून विचारलं, नंबर कसा ठाऊक. ते म्हणाले, "तुमची काकू नंबर फिरवतांनी एकेक आकडा मोठ्यानं म्हनते. अंगनात सारा आयकू येते." म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. रविवारची त्यांची आंघोळ एवढी लांबायची ती त्यासाठीच. मी म्हणाले, मग काका, इतकी वर्षं एकदाही का नाही लावला. त्यांनी पिशवीतला बोर्ड मांडीवर नीट ठेवला. "लावून काय बोलू?" ते म्हणाले.

त्यानंतर दर रविवारी त्यांचा स्वतःचा फोन जाऊ लागला. वैशाली कॉम्प्युटर कंपनीत होती खरी, पण तिचं काम पडद्यावरचं. डब्याच्या आत काय असतं, हे तिलाही आमच्याइतकंच ठाऊक. ती ऑफिसात कुणाला तरी विचारायची आणि वडिलांना बोर्डाचं नाव सांगायची. काका ते नाव कसंबसं लक्षात ठेवून इरफानभाईंना सांगायचे. इरफानभाई म्हणायचे, तो बोर्ड अमरावतीत येत नाही, किंवा येतो पण त्याला दुसरी रॅम लागते. हे उत्तर पुढच्या रविवारी पुण्याला जायचं. मध्ये एका बोर्डाचा आकडा चुकीचा ऐकला गेला आणि एक आठवडा सगळे वेगळ्याच बोर्डाबद्दल बोलत होते. मी एकदा त्यांच्या घरी असताना तो फोन ऐकला. लग्न, जावई, इतक्या वर्षांचा अबोला, कशाचं नाव नाही. "रॅमले चारचा स्लॉट हाय का दोनचा?" काका विचारत होते. काकू दारात उभ्या राहून पदरानं डोळे पुसत होत्या, जणू काही पोथी चालली आहे.

शेवटी वैशालीच म्हणाली, की बाबा, इथं बोर्डांचा मोठा बाजार आहे, तुम्ही स्वतः येऊन बघा. मला वाटलं, ते नाही म्हणतील. त्यांनी रजा टाकली. कारण काय लिहू म्हणून मला विचारलं. मी म्हणाले, घरगुती काम. त्यांनी थोडा विचार केला आणि तेच लिहिलं.

परत आल्यावर त्यांनी जे सांगितलं, त्यात वैशालीबद्दल फारसं काही नव्हतं. तिनं गोळाभात केला होता, बरा झाला होता, एवढंच. सगळी हकिकत जावयाची होती. त्या मुलाला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, औषधाच्या कंपनीत नोकरी. पण तो सासऱ्यांना स्कूटरवर मागे बसवून दुकानांच्या गल्लीत घेऊन गेला आणि दोघं दिवसभर फिरले. एकमेकांना काय म्हणून हाक मारायची हे दोघांनाही ठरवता येत नव्हतं, म्हणून दोघंही दुकानदाराशीच बोलत होते. एका दुकानात माणसानं विचारलं, हे कोण.

"तं तो म्हने, वडील," काकांनी मला सांगितलं. "सासरे नाई म्हनला. वडील म्हनला." मी म्हणाले, मग तुम्ही काय म्हणालात. "मी काय म्हननार. गडबडीत म्हनून गेला असन." ते ऑफिसच्या आवारातल्या कडुलिंबाखाली उभे होते. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "का खरंच म्हनला असन?"



बोर्ड मिळाला होता. इरफानभाई तो पाहिल्याबरोबर म्हणाले, हाच. सगळं नव्यानं जोडलं. मीही मुद्दाम गेले होते. बटण दाबलं, पंखा फिरला, आणि पडद्यावर पांढरी अक्षरं भरभर उमटली. इरफानभाईंनी टाळी वाजवली आणि चहा मागवला. गावंडेकाका खुर्चीत मागे टेकले. इतक्या महिन्यांची खटपट फळाला आली होती, पण त्यांचा चेहरा मला काही केल्या वाचता येईना. आनंद होता, आणि त्याच्या मागे कसली तरी धांदल होती. घरी नेऊन त्यांनी तो कोपऱ्यात लावला, काकूंनी हळदीकुंकू वाहिलं, वैशालीला फोन झाला. चालू झालं. हो. चांगलं झालं. ठेवू?

पुढच्या रविवारनंतर, सोमवारी सकाळी, ते माझ्या टेबलापाशी आले. त्यांचा खिसा रिकामा होता. त्यांनी खुर्ची ओढली, आजूबाजूला कुणी नाही हे पाहिलं.

"मॅडम, एक सांगा. हे एकदा नीट चालू झालं, तं मंग याच्यात बिघडासारखं काय काय असते?"

मी म्हणाले, काका, आता कशाला बिघडेल, सगळंच नवं आहे. ते म्हणाले, "तेच तं." आणि मग, टेबलावरचा पेपरवेट फिरवत, हळू आवाजात, "काल रविवार होता. फोन लावाले बसलो. अन् काय बोलावं तेच समजेना. पयले बोर्ड होता."

 मग मी जे आठवेल ते सांगत गेले. कधी कधी आवाज बंद पडतो. कधी माउस अडकतो. कधी तारीख मागे जाते. व्हायरस येतो. ते एकेक गोष्ट पुन्हा म्हणून घेत होते, आणि "आवाज" म्हणताना त्यांनी मान डोलावली. तो त्यांना सोपा वाटला असावा.

पुढे माझी अकोल्याला बदली झाली. निरोपाच्या दिवशी ते स्टँडवर सोडायला आले, माझी पिशवी खिडकीतून आत दिली आणि सांगितलं, "तिकडं बोर्ड चांगले भेटतात. ध्यान ठेवजा." तोवर ते निवृत्तीला आले होते. नंतर कधीमधी फोन व्हायचा. वैशाली येऊन गेली, जावई येऊन गेला, नातू झाला, अशा बातम्या काकूंकडून कळायच्या. काका फोनवर आले, की माझी खुशाली विचारून कुठल्या तरी पंपाबद्दल विचारायचे. आणि मग एका उन्हाळ्यात इरफानभाईंचा फोन आला, की काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत.

मी गेले तेव्हा घरात माणसं पांगली होती. वैशाली पुढच्या खोलीत बसली होती. मी तिला तोवर पाहिलेलं नव्हतं, पण कपाळ आणि भुवया वडिलांच्या होत्या. कोपऱ्यात कॉम्प्युटर होता. तिनंच विषय काढला.

"ताई, बाबांचा हा कॉम्प्युटर खरंच इतका बिघडायचा का?"

मी म्हणाले, मला नक्की माहीत नाही, मी तेव्हा अकोल्याला होते. आतून काकू म्हणाल्या, "कायचा बिघडते. लावतच नव्हते ते त्याले."

वैशाली थोडं हसली. इरफानभाईंनी तिला फार आधीच सांगितलं होतं, मशीनला काही झालेलं नाही म्हणून. तरी ती दर रविवारी विचारायची, आज काय झालं. बाबा म्हणायचे, आवाज येऊन नाही राहिला.

"मी म्हणायची, मागची वायर काढून परत लावा. ते म्हणायचे, थांब, लावतो. आणि फोन कानाला धरून तसेच बसून राहायचे. मला इकडे सगळं कळायचं, उठल्याचा आवाज नाही, खुर्चीचा नाही. मीही काही बोलायची नाही. मग बऱ्याच वेळानं म्हणायचे, लावली. मी विचारायची, आला का आवाज?"

 काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"म्हणायचे, हो. आता येते."